हेरल्डचा आरसा

भायखळा
११ जून २०२३

दगडू,

हेरल्ड गेली. म्हणजे गाडी जागेवरच आहे, वाडीत, ताडपत्रीखाली. इंजिन गेलं. मागच्या रविवारी चर्चच्या मिसाहून आलो, सुरू केली आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. डिपस्टिक काढली तर ऑइल कुठलं, पाणी शिरून दुधाचा चहा! तू असतास तर माझ्या थोबाडीत मारली असतीस. तू नव्हतास म्हणून शीव कोळीवाड्याच्या लॅन्सला बोलावलं. चाळिशीचा मेकॅनिक आहे, हात बरा आहे. त्याने बोनेट उचललं, तुझ्यासारखाच पुढच्या चाकावर बसला आणि म्हणाला, “अंकल, ब्लॉकला क्रॅक आहे. जोडून देतो, पण गॅरंटी गेटपर्यंत.”

तुझ्या गावात फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. बरंच आहे. पत्रात तू मधेच तोंड घालत नाहीस.

गाडी घाईची आहे. कॅल्विनची ओलिव्हिया, आमची नात, लग्न करते आहे, आणि मेलबर्नला नाही, इथे आपल्या चर्चमध्ये. एकवीस जानेवारीला. तिने आपणहून लिहिलं की ग्रँपा, मी हेरल्डमधूनच जाणार आणि तुम्हीच चालवणार. तुला काय सांगायचं? डॅडींनी गाडी घेतली तेव्हापासून वाडीतली प्रत्येक नवरी टप उघडून याच गाडीतून गेली आहे. माझी डोरिससुद्धा. वाटेत क्रुसापाशी थांबायचं, बँड गप्प, इंजिन बंद, नवरी हात जोडते, आणि मग एका किल्लीत गाडी सुरू व्हायला हवी. नाही झाली तर संसार अडखळतो म्हणतात. सेलिनाच्या वेळी दुसऱ्या किल्लीला सुरू झाली होती, तर तिच्या नवऱ्याची नोकरी सुटली की तिची आई अजून माझ्याकडे बघते.

दगडू, आता वाडीत मला कुणी काही विचारत नाही. बरोबरीचे गेले, त्यांची पोरं बाहेरगावी. फक्त लग्न ठरलं की दारात येतात, “फ्रँक अंकल, गाडी?” तेवढंच उरलंय माझ्याकडे.

लॅन्स म्हणतो जिप्सीचं इंजिन बसवू, गिअरबॉक्ससकट. तुझ्या परवानगीशिवाय मी पाना लावू देणार नाही. रमावहिनींना नमस्कार.

फ्रँक


कुडाळ
२५ जून २०२३

फ्रँक्या मेल्या,

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. रमा घाबरली. “कोण गेलो?” म्हणाली. मी म्हटलं, हेरल्डचं इंजिन. तर म्हणते, “मगे जेवा गप.” या बाईशी मी इतकी वर्षं संसार केला.

रेडिएटरमध्ये पाणी बघायला सांगून आलो होतो ना? लालबागचं गॅरेज बंद करताना सगळ्या गिऱ्हाइकांचा हिशोब मिटवला, एकट्या तुझी काळजी गावी घेऊन आलो. ते इंजिन मी इतक्या वेळा उघडलंय की रमाने आपलं कपाट तितक्या वेळा उघडलं नसेल. रात्रभर शिव्या घातल्या तुला. सकाळी राग उतरला. तडा तो तडा, त्याला तू काय करणार.

टाक जिप्सीचं. नवरी काही इंजिनासाठी थांबत नाही. पण जुनं भंगारात द्यायचं नाही. दिलंस तर तुझं माझं संपलं. बोनेटला कुठे भोक पाडायचं नाही. आणि सुरू झालं की आवाज कसा येतो ते मला लिहून कळवायचं. मी इंजिन कानाने बघतो हे तुला ठाऊक आहे. नुसतं ‘छान आहे’ लिहू नकोस, छान तर सगळंच असतं. थंड असताना कसं, स्लोला कसं, रेस सोडल्यावर कसं, सगळं लिही. मी इथे बसून त्याची नाडी बघतो.

बाकी मी मजेत. इथे सुख आहे. संध्याकाळी ओट्यावर बसतो, समोर डोंगर.

दगडू


भायखळा
३ सप्टेंबर २०२३

दगडू,

बसलं एकदाचं! दोन महिने गाडी लॅन्सच्या गॅरेजात पडून होती, मी रोज बस धरून तिथे जाऊन स्टुलावर बसायचो. लॅन्स कंटाळला असेल. इंजिन उंच पडत होतं, बोनेट बसेना. भोक नाही म्हणजे नाही, सांगितलं त्याला. शेवटी खालचं ऑइल पॅन कापून पसरट केलं. इंजिन बदलल्याची आरटीओत नोंद झाली. मूळ किल्लीचं स्विच मात्र मी बदलू दिलं नाही. लॅन्स म्हणाला, अंकल, नव्या स्विचला लॉक असतं, गाडी चालू असताना किल्ली परत फिरत नाही. मी म्हटलं, मला काय चालू-बंद कळत नाही? ही किल्ली डॅडींच्या हातातली आहे.

जुनं इंजिन माझ्या हॉलमध्ये आहे. डोरिसच्या शिलाई मशीनशेजारी पाटावर ठेवून वर तिचा विणलेला टेबलक्लॉथ घातलाय. शेजारीण म्हणाली, “काय अंकल, आत्तापासून नाताळचा गोठा?”

आता आवाज. पहिल्या दिवशी मी किल्ली फिरवत होतो तर लॅन्स दोन्ही हात हलवत धावत आला, एवढा खूष झाला होता बिचारा. थंड असताना दोनदा खोकतं, मग धरतं. स्लोला टॅपेटची टपटप, अगदी बारीक. आणि रेस सोडली की सायलेन्सरमधून एक फट्. आपल्या जुन्यासारखंच, जरा तरुण.

फ्रँक


कुडाळ
१५ सप्टेंबर २०२३

फ्रँक,

जीव भांड्यात पडला. गणपतीची गडबड आहे, मूर्तीवरची माटवी बांधायला घेतली आहे, तरी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं होतं नवी इंजिनं मुकी असतात. तुझं बोलतंय, म्हणजे नशीबवान आहेस. ती टपटप वाचून मला लालबागच्या गॅरेजची आठवण झाली, बाहेर चाळीतल्या बायका ओरडायच्या, “दगडूभाऊ, रेडिओ ऐकू द्या!”

खोकला जायला हवा. लॅन्सला म्हणावं पेट्रोलची लाइन बघ, कचरा असेल. टॅपेट सेट कर म्हणावं. फट् राहू दे, ती मला आवडते.

आणि एक गंमत. आमच्या वाडीमागे टॉवर उभा राहतोय. दिवाळीपर्यंत रेंज येईल. मग कागद कशाला काळे करायचे? मी फोन करतो, तू फोन इंजिनापाशी धर, मी इथून सगळं सांगतो.

रमा विचारते, वेळेवर जेवतोस का?

दगडू


भायखळा
२२ ऑक्टोबर २०२३

दगडू,

वहिनींना सांग, जेवतो. भात आणि सुकं बोंबील, एका माणसाला आणखी काय लागतं.

लॅन्सने पेट्रोलची लाइन तपासली, साफ आहे म्हणतो. टॅपेटचं सांगितलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आजकालची माणसं. आणि सेल्फ स्टार्टर जळला. नवा कोरा सेल्फ, दीड महिन्यात! लॅन्स म्हणतो खराब पीस आला असेल, बदलून देतो.

फोनचं मनावर घेऊ नकोस. माझ्या फोनचा स्पीकर गेलाय, दुरुस्त करून घेत नाही कारण कॅल्विन रोज रात्री फोन करून वाडीतलं घर विकून मेलबर्नला ये म्हणतो. तिथे जाऊन काय करू, कुणाच्या नवऱ्या नेऊ? आणि पत्रात तू जास्त शहाणा वाटतोस. पत्रच लिही.

कॅल्विनने मला वाढदिवसाचा केक पाठवला होता, तो परत गेला. कुरिअरवाला म्हणे बेल वाजवून वाजवून थकला. मी घरातच होतो. हल्ली कुणी बेलसुद्धा नीट वाजवत नाही.

फ्रँक


कुडाळ
१९ नोव्हेंबर २०२३

फ्रँक,

टॉवर सुरू झाला. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर पहिला फोन तुला लावला. पोरांनाही नंतर. वाजत राहिला. दुपारी लावला, संध्याकाळी लावला, भाऊबीजेला परत. स्पीकर गेला तरी माणूस उचलून “हॅलो” म्हणतो. तू तेवढंही केलं नाहीस.

रागावला आहेस का? मी मुंबई सोडली त्याचा राग आहे? डोरिस जाऊन चार महिने झाले नव्हते आणि मी बिऱ्हाड उचललं. चाळ पाडायला घेतली होती, गॅरेज गेलं होतं, मी तरी कुठे बसणार होतो? पण तू स्टेशनवर आलास, ट्रंक उचललीस, एक शब्द बोलला नाहीस. तेव्हापासून माझ्या मनात आहे.

इथे सुख आहे असं लिहिलं होतं ना, ते खोटं. इथे मला कुणी काही विचारत नाही. माणसं भली आहेत, पण बोलतात आंब्या-काजूचं, मला त्यातलं काय कळतं. दिवसभर एखादी गाडी रस्त्याने गेली की मी कान देऊन ऐकतो, तिचा क्लच घसरतोय हे मला ओट्यावरून कळतं, आणि सांगायला कुणी नसतं. तुझ्या पत्रातली ती खोकला-टपटप माझ्यासाठी औषध आहे. आणि तू फोन उचलत नाहीस.

दगडू


भायखळा
२७ नोव्हेंबर २०२३

दगडू,

तुझ्यावर राग? वेडा आहेस. स्टेशनवर बोललो नाही कारण बोललो असतो तर रडलो असतो, आणि तुझी बायको बघत होती.

फोन बिघडलाय एवढंच. दुसराही सेल्फ गेला. या वेळी फ्लायव्हीलच्या रिंगचे दातही झिजले, गिअरबॉक्स उतरवावा लागला. लॅन्स मला काही विचारणार होता, विचारलं नाही. पुन्हा असं झालं तर जानेवारीत काय होईल याचा विचार करून झोप येत नाही. क्रुसापाशी सेल्फने दगा दिला तर? खोकला तसाच आहे. जरा जास्तच वाटतो. तुला काही सुचतं का?

फ्रँक


कुडाळ
५ डिसेंबर २०२३

फ्रँक,

हे पत्र एकटा असताना वाच. तसा तू एकटाच असतोस म्हणा.

आमच्याकडे वनखात्याची जिप्सी येते. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला रस्त्यात आडवा झालो. ड्रायव्हरला बोनेट उघडायला लावलं. त्याला वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं, पण भला माणूस, सुरू करून दिली. मी कान लावला. थंड असताना ऐकली, स्लोला ऐकली, रेस सोडून ऐकली.

फ्रँक, त्या इंजिनाला कार्बोरेटरच नाही, ते खोकणार कशाने? मला हे आधीच कळायला हवं होतं, मी काय आज मेकॅनिक झालो? टपटप नाही. रेस सोडली की शांत. ती फट् आपल्या जुन्या सायलेन्सरच्या जॉइंटची होती, तो मीच कधी बदलला नाही. तू मला मेलेल्या इंजिनाचा आवाज लिहून पाठवत होतास. आणि मी वाचून खूष होत होतो, कारण मला तोच ऐकायचा होता.

मग बाकीचं आपोआप जुळलं. बेल. फोन. लॅन्स हात हलवत धावत आला तो खूष होऊन नाही, थांबवायला आला होता. चालू इंजिनावर तू परत किल्ली फिरवतोस. सेल्फचे दात फिरत्या चाकावर आपटतात, खर्रर्र असा आवाज येतो की मेलेला उठून बसेल. तू उठत नाहीस.

फ्रँक्या, तुला ऐकू येत नाही ना रे?

रागावू नकोस. पण खरं लिही.

दगडू


भायखळा
१४ डिसेंबर २०२३

दगडू,

हो.

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर फिरलो. राग आला होता, तुझा नव्हे.

गोदीतल्या नोकरीत हातोड्यांनी कान खाल्ले, हे तसं जुनंच. डोरिस होती तोवर निभावलं. ती माझ्याकडे तोंड करून बोलायची, मी तिच्या ओठांवरून समजायचो. बाकीच्यांचंही जमेल तेवढं तसंच समजून घेतो. ती गेली आणि घरात ऐकण्यासारखं काही राहिलंच नाही, म्हणून किती गेलंय ते मलाही कळलं नाही. कळलं तेव्हा काहीच उरलं नव्हतं. मशीन आणलं होतं कानाचं. पंखा, भांडी, कावळे, सगळं एकदम डोक्यात ओतल्यासारखं होतं, माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. डोरिसच्या बटणांच्या डब्यात ठेवून दिलं.

पण जुनं इंजिन मला ऐकू यायचं, दगडू. सीटमधून यायचं, स्टीअरिंगमधून यायचं. सुरू झालं की समोरचा आरसा थरथरायचा आणि त्याला टांगलेली डोरिसची रोझरी हलायची. रोज सकाळी मी नुसता जाऊन बसायचो आणि गाडी सुरू करायचो. पेट्रोल जळायचं, लोक हसायचे. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलायचं.

नव्याचा आरसा हलत नाही. काही कळतच नाही. डॅशबोर्डवर दिवा आहे, पण टप उघडा असला की उन्हात दिसत नाही. मी आपला अंदाजाने किल्ली सोडतो, आणि शंका आली की परत फिरवतो.

तुला आवाज लिहून पाठवले कारण तू मागितलेस. ते माझ्याकडे सगळे साठवलेले होते.

कॅल्विनला कळलं तर गाडी जाईल, मग घर, मग मी. आता तूच सांग, लग्नात काय करू? क्रुसापाशी अख्ख्या वाडीसमोर मी किल्ली दोनदा फिरवणार. ओलिव्हियाला काय वाटेल? गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ का?

फ्रँक


कुडाळ
२० डिसेंबर २०२३

फ्रँक,

गाडी कुणाच्या हातात द्यायची नाही. ऐक. म्हणजे वाच.

जिप्सीचं इंजिन मुळातच हलत नाही असं कुणी सांगितलं? प्रत्येक इंजिन हलतं. लॅन्सने त्याच्याखाली मऊ रबराचं फाउंडेशन दिलंय, म्हणून ते हलणं गाडीपर्यंत येत नाही. पाळण्यात घातलंय त्याने त्याला. ते काढायला लाव. माझ्या लोखंडी पेटीत, तीच जी तुझ्या जिन्याखाली ठेवून आलो, तळाशी जुनी कडक फाउंडेशनं आहेत, टणक, टायरच्या रबराची. ती कापून बसव म्हणावं. लॅन्स कपाळावर हात मारेल. बोलू दे. दर महिन्याला नट आवळावे लागतील, कप खुळखुळतील, नव्या गाडीची मजा सगळी जाईल. पण सीट बोलेल आणि आरसा हलेल. नवा दिवा बसवून देतो असं तो म्हणेल. नको म्हण. क्रुसापाशी तुझे डोळे क्रुसावर असणार, दिव्यावर नाही.

आणि ओलिव्हियाला खरं सांग. कॅल्विनच्या आधी तिला. मागे ती बसणार आहे, तिला माहीत असायला हवं.

मी येतो. अठरा जानेवारीला रेल्वेत बसतो. लग्नात तुझ्या बाजूच्या सीटवर मी बसेन, काही वाजलं-बिघडलं तर तुझ्या गुडघ्यावर थाप मारेन. रमा पण येते म्हणाली, तिला तुमच्या तळलेल्या फुगिया खायच्या आहेत.

दगडू


कुडाळ
१४ जानेवारी २०२४

फ्रँक,

वाईट बातमी. रमा विहिरीच्या पायरीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं, परवा ऑपरेशन झालं. जिवाला धोका नाही, पण तिला उठवायला, बसवायला मीच आहे. येणं होत नाही.

तिला शुद्ध आल्यावर पहिलं काय म्हणाली सांगू? “फ्रँकभावोजींकडचा लग्न?” मी बाहेर जाऊन रडलो.

सीट रिकामी ठेव किंवा कुणाला बसव. पण चालव तूच. आरशाकडे बघ. हलला की किल्ली सोड, बस, आणखी काही नाही.

दगडू


भायखळा
४ फेब्रुवारी २०२४

दगडू,

वहिनी कशा आहेत? आधी ते लिही. वाडीत त्यांच्या नावाने मिसा दिली आहे, त्यांना चालेल ना?

आता लग्न. ओलिव्हिया आली त्या दिवशीच तिला सांगितलं. तिने माझं तोंड हातात धरून आपल्याकडे वळवलं, अगदी डोरिसने धरावं तसं, आणि सावकाश, ओठ दाखवत म्हणाली, “ग्रँपा, बँड पुढे चालणार. त्याच्यापेक्षा जोरात आपल्याला जायचंच नाहीये.” कॅल्विन चिडला. भाड्याचा ड्रायव्हर बोलावतो म्हणाला. तिने त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण तो गप्प झाला हे दिसलं.

लॅन्सने फाउंडेशन बघून खरंच कपाळावर हात मारला. म्हणाला असेल की लोक व्हायब्रेशन काढायला येतात, हे घालायला आले. मग मी त्यालाही खरं ते सांगितलं. त्याने बसवलं, आणि लग्नाच्या दिवशी सूट घालून माझ्या दाराच्या बाजूने अख्खी वाट चालला.

आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणून नवरीला आंघोळ घातली. घरात वीस-पंचवीस माणसं, हॉलमधल्या इंजिनावर कुणीतरी फुगियांची परात ठेवली. तुझ्या इंजिनाला नैवेद्य झाला म्हण. सगळी हसत होती, गात होती. मी त्यांची तोंडं बघत कोपऱ्यात बसलो. एवढ्या माणसांत बसून मला जितकं एकटं वाटलं तितकं रिकाम्या घरातही वाटत नाही, दगडू. हे तुलाच लिहितो.

सकाळी टप उघडला. तुझी सीट रिकामी ठेवली आणि तिच्यावर तुझ्या पेटीतला तेलकट फडका ठेवला. कॅल्विनने विचारलं, हे काय. मी म्हटलं, दगडू.

क्रुसापाशी थांबलो. बँडवाल्यांनी पिपाण्या खाली घेतल्या म्हणून कळलं की आता गप्प झाले. इंजिन बंद केलं. ओलिव्हियाने हात जोडले, मीही मान खाली घातली. काय मागितलं ते तुला कळलं असेल. मग किल्ली फिरवली. माझा हात किल्लीवरच होता. सवय वाईट, बोटं परत वळायला लागली होती. तेवढ्यात आरसा हलला. आधी आरसा, मग डोरिसची रोझरी, मग सीटमधून पाठीत आलं, जसं पूर्वी यायचं तसं. आरशात मागे ओलिव्हियाच्या डोक्यावरचा वेल थरथरत होता. मी किल्ली सोडली. लॅन्सने गाडीच्या दारावर थाप मारली आणि सेलिनाच्या आईने, होय तिनेच, मला अंगठा उंचावून दाखवला.

एका किल्लीत, दगडू!

मग सगळे गेले. ओलिव्हिया आणि तिचा नवरा आठ दिवसांनी गेले, कॅल्विन परवा. जाताना घराचं काही बोलला नाही. पराती परत दिल्या, खुर्च्या परत दिल्या. वाडीत आता संध्याकाळी चार घरांत दिवे लागतात. सकाळी मी गाडीत जाऊन बसतो, सुरू करतो, आरसा हलतो. बरं वाटतं. दिवसाचं असं होऊन जातं. संध्याकाळ जात नाही.

म्हणून एक काम सांगतो. तुझ्याकडे आता रेंज आहे. ओलिव्हियाने माझा फोन थरथरण्यावर लावून दिलाय, मी तो शर्टाच्या खिशात ठेवतो, डाव्या. तू रोज दिवेलागणीला एक रिंग दे आणि कापून टाक. मी उचलणार नाही, उचलून उपयोग नाही. बोलायचं असेल ते पत्रात लिही.

पण रिंग दे. खिसा हलला की मला कळेल.

फ्रँक